शेअर फोल्डरमधल्या दोन ‘डिलीट’ परवानग्या: फरक नेमका काय?

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव, दिंडोरीकडच्या निर्यातदारांच्या ऑफिसांत सगळेच जण दिवसभर एका शेअर फोल्डरवर काम करत असतात. पॅकिंग लिस्ट, रेसिड्यू रिपोर्ट, इन्व्हॉइस, सगळं तिथेच. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल मात्र सहसा ना आपल्या पीसीच्या रीसायकल बिनमध्ये जाते, ना सर्व्हरच्या. म्हणून परवानग्या आधीच नीट लावलेल्या बऱ्या.

विंडोज सर्व्हरवर फोल्डरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी सेटिंगमध्ये परवानग्यांच्या दोन वेगळ्या टिका (चौकटीतल्या बरोबरच्या खुणा) दिसतात: ‘डिलीट’ आणि ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’. पहिली त्या फाइलची किंवा फोल्डरची स्वतःची. ती असेल तर फाइल काढता येते, तिचं नाव बदलता येतं, ती दुसरीकडे हलवताही येते. दुसरी वरच्या फोल्डरवर बसते आणि त्याच्या थेट आत असलेल्या फाइली काढायची मुभा देते, मग फाइलवर डिलीट नाकारलेलं का असेना! दोन्हींपैकी एक असली तरी पुरते.

सगळा घोळ इथेच होतो. महत्त्वाच्या फाइलवर डिलीट ‘डिनाय’ (नाकारलेलं) केलं की लोक निर्धास्त होतात, पण वरच्या फोल्डरवर सगळ्यांना फुल कंट्रोल, म्हणजे सगळ्या परवानग्यांचा तयार संच, तसंच राहिलेलं असतं. फुल कंट्रोलमध्ये दोन्ही टिका येतात, त्यामुळे फाइल उडतेच. ‘मॉडिफाय’ या त्याहून लहान संचात या दोनांपैकी फक्त ‘डिलीट’ येते. स्टाफला फुल कंट्रोल देण्याचं काहीच कारण नाही.

मग डिलीट सरसकट काढून टाकावं का? नाही. वर्ड आणि एक्सेल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितात, मग जुनी हटवून नवीला तिचं नाव देतात. डिलीट नसेल तर सेव्ह करतानाच एरर येते आणि फोल्डरात टेम्प फाइलींचा कचरा साठतो. स्कॅन केलेल्या पीडीएफपुरतं डिलीट बंद ठेवलं तर चालतं.

माझ्या अनुभवात डिलीट बटणापेक्षा माउसनेच जास्त नुकसान होतं: हात घसरतो आणि एका खरेदीदाराचं अख्खं फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतं. त्यासाठी अशा मुख्य फोल्डरांवर, परवानगी कुठे लागू करायची या पर्यायांतल्या ‘धिस फोल्डर ओन्ली’ला फक्त वाचण्याची आणि नवीन फाइल-फोल्डर बनवण्याची परवानगी द्यावी, आणि ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’ला मॉडिफाय. मग फोल्डर जागचं हलत नाही. पण कुणी त्यावरच डिलीट दाबलं तर फोल्डर राहील आणि आतल्या फाइली जातील, कारण त्यांच्यावर डिलीट आहेच.

तिथे शॅडो कॉपी, म्हणजे सर्व्हरने ठरलेल्या वेळी जपून ठेवलेली फाइलींची तेव्हाची स्थिती, उपयोगी पडते. ती चालू केल्यावर ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून फाइल परत घेता येते. तिचं मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी 7 आणि दुपारी 12 असं असतं. हंगामात आपल्याकडे शनिवार-रविवारीही कंटेनर भरले जातात, तेव्हा हे दोन दिवस आणि संध्याकाळची एक वेळ त्यात घालून घ्या. एका व्हॉल्यूमवर (सर्व्हरच्या एका ड्राइव्हवर) जास्तीत जास्त 64 कॉपी राहतात, त्यानंतर जुन्या पुसल्या जातात.