कल ईला आणि कल ईला: एक डिस्टिलरीची, एक पिंपाची

स्कॉटलंडच्या आयला बेटावर १८४६ साली सुरू झालेल्या कल ईला या व्हिस्की डिस्टिलरीच्या दोन बाटल्या शेजारी ठेवा. दोन्हींवर ‘१२ वर्षे’, दोन्हींवर ‘सिंगल माल्ट’, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की. पहिली भरली आहे डिस्टिलरीची मालक असलेल्या डियाजिओने, तर दुसरी केडनहेड, सिग्नेटरी किंवा गॉर्डन अँड मॅकफेल यांच्यासारख्या स्वतंत्र कंपनीने. दोन्हींत अस्सल कल ईलाच आहे. तरीही एकीचा अभिप्राय दुसरीला लागू होत नाही. अनेक जण मात्र तो बिनदिक्कत लावतात. ‘कल ईला फार जहाल असते’, ‘कल ईलात शेरीचा (स्पॅनिश वाइनच्या पिंपाचा) गोडवा छान उतरतो’ अशी वाक्यं कानावर पडतात. ती कोणी भरलेली, कुठल्या पिंपातली, हे कोणीच सांगत नाही.

डिस्टिलरीची स्वतःची बाटली समजायला सोपी. पुष्कळ पिंपांतली व्हिस्की एकत्र करायची, पाणी घालून अल्कोहोलच्या ठरलेल्या तीव्रतेवर आणायची (कल ईलाची २००२ पासून मिळणारी १२ वर्षांची बाटली ४३ टक्क्यांची आहे) आणि भरायची. लेबलवरचं वय त्यातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं. रंग सारखा राहावा म्हणून कॅरॅमल घालायची मुभा स्कॉच व्हिस्कीच्या कायद्यात आहे. कमी तीव्रतेची व्हिस्की बर्फाने गढूळ होऊ नये म्हणून अनेक कंपन्या ती थंड करून गाळतात. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. दर वर्षी वेगळी पिंपं हाताशी घेऊन तीच चव पुन्हा उभी करणं हे मोठं कसब आहे.

स्वतंत्र बाटलीची गोष्ट जुनी आहे. केडनहेडची सुरुवात १८४२ ची, ॲबर्डीनमधली. गॉर्डन अँड मॅकफेल हे १८९५ पासूनचे एल्गिनचे किराणा व्यापारी. सिग्नेटरी त्या मानाने नवी, १९८८ ची. यांना माल मिळतो तो ब्लेंडच्या, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांची व्हिस्की मिसळून विकण्याच्या, धंद्यामुळे. कल ईलाची बहुतेक व्हिस्की जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडमध्ये जाते. ब्लेंड करणाऱ्या कंपन्या आपसांत पिंपांची देवाणघेवाण करतात, दलाल ती विकतात, आणि त्यातली काही या स्वतंत्र मंडळींकडे पोचतात. काही जण तर आपली रिकामी पिंपं डिस्टिलरीत पाठवून ताजी स्पिरिट (न मुरलेली व्हिस्की) भरून आणतात आणि आपल्या गोदामात मुरवतात. म्हणून आयलाच्या इतर डिस्टिलऱ्यांपेक्षा कल ईलाच्या स्वतंत्र बाटल्या जास्त दिसतात.

यातल्या पुष्कळ बाटल्या एकाच पिंपातल्या असतात. हॉग्जहेड नावाचं सुमारे २५० लिटरचं पिंप घ्या. स्कॉटलंडच्या हवेत दर वर्षी साधारण दोन टक्के उडून जातात. बारा वर्षांनंतर जे उरतं, त्यात पाणी न घालता ७०० मिलीच्या पावणेतीनशेच्या आसपास बाटल्या भरतात. त्या संपल्या की तो विषय संपला. लेबलवर डिस्टिल केल्याची आणि बाटलीत भरल्याची तारीख, पिंपाचा प्रकार नि क्रमांक, एकूण बाटल्या असा तपशील असतो. चव घेण्याआधी तो वाचाच, कारण अर्धं उत्तर त्यातच असतं. आधी एकदोनदा वापरून झालेल्या हॉग्जहेडमधली कल ईला फिकट गवतासारखी दिसते. तिला लिंबाची साल, खारा वारा, टिंक्चर आयोडीन आणि पाणी मारून विझवलेल्या चुलीचा वास येतो. तीच स्पिरिट शेरीनंतर पहिल्यांदाच व्हिस्कीसाठी वापरलेल्या पिंपात मुरली तर खारीक, मनुका, करपलेला गूळ पुढे येतात आणि धूर मागे सरतो. चूक यातली एकही नाही. पण दुसऱ्या पेल्यात लाकूड जास्त बोलतं, डिस्टिलरी कमी.

आता गुण द्यायचे तर काय करावं? आधी तीव्रता सारखी करा. ५७ टक्क्यांची पिंपातली व्हिस्की ४३ टक्क्यांच्या बाटलीशेजारी नुसती ठेवली की ती एकतर भारी वाटते किंवा नाक जाळते. दोन्ही निष्कर्ष फसवे. ३० मिली घेतली असेल तर आधी तशीच हुंगा आणि चाखा, मग थोडंथोडं करत जवळपास १० मिली पाणी घाला. तेव्हा ती ४३ च्या आसपास येते आणि तुलना खरी होते. पाणी घातल्यावर कोसळणारी व्हिस्की आणि पाण्याने फुलणारी व्हिस्की यांतला फरक अभिप्रायात लिहिलाच पाहिजे. पाणी न घालता लिहिलेल्या अभिप्रायावर माझा तरी विश्वास बसत नाही.

मग येतो खरा मुद्दा. ४३ टक्क्यांची १२ वर्षांची बाटली आवडली नाही, तर मालकांनी डिस्टिलरीची जी चव ठरवली आहे ती तुम्हाला रुचली नाही, असं म्हणता येतं. एका पिंपातली बाटली आवडली नाही, तर फक्त ते पिंप आवडलं नाही. त्यावरून कल ईलाला नापास करणं अन्याय आहे. तिला डोक्यावर घेणंही तितकंच चूक. मात्र तीनचार वेगवेगळ्या कंपन्यांच्या, जुन्या वापरलेल्या पिंपांतल्या कल ईला ओळीने चाखल्या, तर त्या सगळ्यांत जे समान सापडतं, तो तेलकट गुळगुळीतपणा, तो राखेसारखा कोरडा शेवट, ती त्या स्पिरिटची स्वतःची ओळख. डिस्टिलरी समजून घ्यायला यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

‘स्वतंत्र’ म्हणजे ‘कडक’ असं मात्र समजू नका. सिग्नेटरीच्या कित्येक बाटल्या ४६ टक्क्यांच्या आहेत. उलट ग्लेनफार्क्लास १०५ ही डिस्टिलरीची स्वतःची बाटली ६० टक्क्यांची.

कधी कधी डिस्टिलरीचं नावच नसतं. १९८३ मध्ये एडिंबरात सुरू झालेली स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी नावाऐवजी क्रमांक छापते. तिथे ५३ म्हणजे कल ईला. गोव्याच्या पॉल जॉन डिस्टिलरीलाही तिथे क्रमांक मिळालेला आहे. काही मालक आपलं नाव बाहेर जाऊ नये म्हणून विकायच्या पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर माल्ट टाकतात. मग ती कायद्याने सिंगल माल्ट उरत नाही, ब्लेंडेड माल्ट होते. बाल्वेनी डिस्टिलरीची अशी व्हिस्की बर्नसाइड नावाने फिरते. लेबलवर ‘ब्लेंडेड’ दिसलं म्हणून ती परत फळीवर ठेवू नका.

गॉर्डन अँड मॅकफेलने २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२४ पासून इतरांच्या डिस्टिलऱ्यांत पिंपं भरणं बंद, लक्ष स्वतःच्या बेनरोमॅक आणि द केर्न या डिस्टिलऱ्यांवर. आधी भरलेली पिंपं गोदामात आहेतच. त्यातलं २०२३ चं एखादं पंचवीस वर्षं मुरवलं, तर बाटली २०४८ मध्ये हाती येईल.