सीटवर बसून पाय टेकलेच पाहिजेत?

‘सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले, तरच सायकल मापाची’ हा समज नाशिकमध्ये घरोघरी चालत आलाय. तो चूक आहे. पहाटे गंगापूर रोडला गुडघे छातीशी आणत पेडल मारणारे दिसतात, ते यापायीच. पाय टेकतील इतकी सीट खाली असली की पेडल मारताना पाय सरळ होतच नाही आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. मग त्र्यंबक रोडचा चढ लागला की दोष गिअरला!

माप असं घ्या: भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हावा, पण कंबर कलंडू नये. चालवताना पेडलवर चवडा येतो, तेव्हा गुडघा आपोआप किंचित वाकतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. नवशिक्या मुलांचे पाय मात्र टेकलेले बरे.

सीट वर घेताना सीटखालची जुनी दांडी तोकडी पडली तर नवी घ्या, पण त्याच व्यासाची. आकडा बहुधा दांडीच्या खालच्या भागावर कोरलेला असतो. २७.२ च्या जागी २६.८ मिलिमीटरची घालून पत्र्याची पट्टी ठोकायचा उद्योग नको. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची दांडी ग्रीसशिवाय बसवली, तर पावसाळ्यांनंतर ती अशी धरते की निघता निघत नाही. दांडीवरची मर्यादेची खूण फ्रेमच्या नळीच्या आतच राहू द्या. सीट सपाट ठेवून बोल्ट आवळा. सीटचं पुढचं नाक वर राहिलं तर काय दुखतं, ते सोमेश्वरपर्यंत कळेलच.