डायनॅमिक डीएनएस

घरच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता कितीही वेळा बदलला तरी एकच डोमेन नाव त्याच घराकडे वळवत ठेवण्याची व्यवस्था. घरातला कॅमेरा, फोटोंचा सर्व्हर किंवा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) बाहेरून गाठण्यासाठी ती वापरतात. राउटर बंद-चालू झाला, पीपीपीओई (नाव-पासवर्ड वापरून कंपनीशी लागणारी) जोडणी तुटून पुन्हा लागली किंवा डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या पद्धतीने) दिलेली मुदत संपली की पत्ता बदलू शकतो. डीएनएसमधली (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) नोंद मात्र कोणी बदलेपर्यंत जुनीच राहते.

नाव घेण्याआधी पत्ता सार्वजनिक, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा, आहे का, हे पाहावे. राउटरच्या पानावर वॅनसमोर (इंटरनेटकडच्या बाजूसमोर) दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता जुळला पाहिजे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. याला सीजीनॅट म्हणतात. हा टप्पा २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने त्यासाठीच राखून ठेवला. भारतातल्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्या अशाच असतात. तिथे नोंद अचूक असूनही बाहेरची विनंती घरापर्यंत येत नाही, आणि लोक तासन्‌तास पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याची राउटरची सोय) तपासत बसतात. उपाय तीनच: जादा पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेणे, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वापरणे, किंवा क्लाउडफ्लेअर टनेल, टेलस्केल यांसारखी, घरातूनच बाहेर जोडणी उघडणारी सोय.

पत्ता सार्वजनिक असेल तर पुढचे काम सोपे आहे. डीएनएस नोंदी आपोआप बदलण्याची प्रमाणित पद्धत १९९७ च्या आरएफसी २१३६ मध्ये आली, पण घरगुती सेवा बहुतेक साध्या एचटीटीपीएस विनंतीवर चालतात. डकडीएनएस या सेवेवर नाव घेतले की टोकन (गुप्त किल्ली) मिळते. नाव आणि टोकन घातलेली विनंती रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून क्रॉनने (ठरल्या वेळी काम करणाऱ्या प्रोग्रामने) दर ५ मिनिटांनी पाठवायची. उत्तरात ‘ओके’ आले तर काम झाले, ‘केओ’ आले तर नाव किंवा टोकन चुकले. स्वतःचे डोमेन असेल तर डीडीक्लायंट हा प्रोग्राम क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेतली ए नोंद (नावाचा आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा पत्ता) बदलतो. त्याला सगळ्या खात्याची किल्ली देऊ नये. त्या एका डोमेनची डीएनएस नोंद बदलण्यापुरतेच टोकन द्यावे. काही सेवा पत्ता बदललेला नसताना सतत येणाऱ्या विनंत्या गैरवापर मानून नाव अडवतात, म्हणून आधीचा पत्ता साठवून फरक पडला तरच विनंती पाठवणे उत्तम.

नोंदीचा टीटीएल (इतरांनी उत्तर किती वेळ साठवावे तो काळ) ६० ते ३०० सेकंद ठेवावा. तो ८६,४०० राहिला तर पत्ता बदलल्यावर जुने उत्तर दिवसभर इतरांच्या कॅशमध्ये राहू शकते. त्या काळात जुना पत्ता दुसऱ्या ग्राहकाला गेला तर आपली विनंती परक्या राउटरवर जाते. एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र आणि एसएसएचची (दूरवरून यंत्र चालवण्याच्या जोडणीची) होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख, तपासणे इथे खरोखर महत्त्वाचे ठरते. पोर्ट ८० बंद असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र डीएनएसमधल्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीने, म्हणजे डीएनएस-०१ पद्धतीने घेता येते.

वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये एक अडचण हमखास येते. फोन डोमेन नावाचा पत्ता टनेल (व्हीपीएनची जोडणी) सुरू होतानाच शोधतो. घरचा पत्ता नंतर बदलला तर तो जुन्याच पत्त्यावर पॅकेट पाठवत राहतो. टनेल बंद करून पुन्हा चालू केले की जुळते. लिनक्सवर नाव ठरावीक वेळाने पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट लावतात.

आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता असतो. म्हणून एएएए नोंद (नावाचा आयपीव्ही६ पत्ता) बदलणारा प्रोग्राम राउटरवर नव्हे, त्या सर्व्हरवरच चालवावा, आणि नोंदीत तात्पुरता प्रायव्हसी पत्ता न घालता स्थिर पत्ता घालावा. राउटरच्या फायरवॉलमध्येही तो पोर्ट उघडावा लागतो. शिळी एएएए नोंद मागे राहिली तर आयपीव्ही४ नीट असूनही साइट अडखळत उघडते, कारण बरीच उपकरणे आधी आयपीव्ही६ वर प्रयत्न करतात.

सगळे झाल्यावर तपासणी मोबाइल डेटावरून करावी. घरच्या वायफायवरून तेच नाव उघडायला राउटरमध्ये नॅट लूपबॅक (स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावरची विनंती परत आत वळवण्याची सोय) लागते. ते नसेल तर बाहेरून चालणारी साइट घरातून बंद दिसते. अशा वेळी घरच्या डीएनएसमध्ये, उदाहरणार्थ पाय-होल या घरगुती डीएनएस सर्व्हरवर, त्या नावासाठी सर्व्हरचा आतला पत्ता नोंदवतात.