तिरळा डोळा आणि आळशी डोळा: 'लेझी आय' म्हणतो तो यातला कुठला?

आमच्या घरात डोळ्यांची काळजी व्हायची ती फक्त माझ्या मावसभावाच्या. त्याचा कधी उजवा डोळा नाकाकडे वळायचा, कधी डावा. फोटो काढायची वेळ आली की मावशी त्याला हळूच "खाली बघ" म्हणायची. माझे डोळे सरळ, त्यामुळे माझ्याबद्दल कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. १९९८ साली, मी आठवीत असताना, शाळेत नेत्रतपासणी झाली. डावा डोळा झाकून मी तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचली. उजवा झाकला, तर वरच्या दोन ओळींच्या पुढे जाता येईना. मला वाटलं, उजेड कमी झाला असावा. मावसभावाच्या दोन्ही डोळ्यांची नजर मात्र ६/६ निघाली.

म्हणजे तिरळा तो होता, आळशी डोळा माझा होता. आजही 'लेझी आय' हा शब्द आपल्याकडे दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो. त्यातून गैरसमज होतात, आणि नव्या उपचारांची बातमी आली की ते आणखी वाढतात.

तिरळेपणा म्हणजे दोन्ही डोळे एका दिशेला न रोखले जाणं. एक समोर बघतो, दुसरा आत, बाहेर, वर किंवा खाली वळलेला असतो. हा डोळ्यांच्या दिशेचा दोष आहे, आणि तो समोरच्या माणसाला दिसतो. (तान्ह्या बाळाच्या नाकाचं मूळ रुंद असेल तर सरळ डोळेही तिरळे भासतात. तो नुसता भास की खरा तिरळेपणा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.) आळशी डोळ्यात, म्हणजे अँब्लायोपियात, दोष नजरेचा असतो. डोळा बाहेरून धडधाकट, आतला पडदा ठीक, योग्य नंबरचा चष्मा लावला तरी अक्षरं पुसट. कारण त्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू लहानपणापासून बाजूला सारत आलेला असतो. साधारण शंभरातल्या दोन-तीन मुलांना हा त्रास असतो, आणि बघणाऱ्याला तो दिसत नाही.

याचं मूळ डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. जन्मानंतरचे पहिले काही महिने पिल्लाच्या एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली. नंतर टाके काढले तेव्हा डोळा स्वतः निरोगी होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असं घडलं नाही. १९८१ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता. मुलांच्या डोळ्यांबद्दल 'वेळेत या' असं डॉक्टर का बजावतात, त्याचं उत्तर या पिल्लांपाशी आहे.

दोन्हींची गल्लत होते तीही उगाच नाही. एकच डोळा सतत वळलेला राहिला तर दोन चित्रं दिसू नयेत म्हणून मेंदू त्या डोळ्याचं चित्र दाबतो, आणि तो डोळा आळशी होतो. तिरळेपणा हे अँब्लायोपियाचं एक मोठं कारण आहे ते असं. माझा भाऊ वाचला, कारण त्याचे डोळे आळीपाळीने वळत आणि दोघांनाही काम मिळत राहिलं. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा अंदाज घेणं त्याला आजही जड जातं, पण ती वेगळी उणीव. माझ्या बाबतीत कारण नंबरातला फरक होतं: एका डोळ्याला नंबर नाही, दुसऱ्याला प्लस चार. ज्या डोळ्याचं चित्र धूसर, त्याला मेंदूने रजा दिली. जन्मजात मोतीबिंदू किंवा अर्धवट मिटलेली पापणी हे तिसरं कारण. ते सगळ्यात कमी आढळतं आणि सगळ्यात लवकर नुकसान करतं.

उपचारांची नावं दोन्हीकडे सारखी ऐकू येतात, म्हणून घोळ आणखी वाढतो. चष्म्याचंच घ्या. प्लस नंबरमुळे आत वळणारा डोळा काही मुलांत नुसत्या चष्म्याने सरळ होतो, तर आळशी डोळ्यात चष्म्याचं काम मेंदूपर्यंत स्वच्छ चित्र पोचवण्याचं. शस्त्रक्रिया डोळ्यांच्या स्नायूंवर होते आणि डोळे सरळ करते, पण त्याने तक्त्यावरची एकही ओळ आपोआप वाढत नाही. उलट पट्टी चांगल्या डोळ्यावर बांधतात ती दुसऱ्याची नजर वाढावी म्हणून, आणि नजर वाढली तरी डोळा तिरळा राहू शकतो. ऑपरेशन झालं, डोळा सरळ दिसायला लागला, आता पट्टी कशाला, असं म्हणून घरचे ती बंद करतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आता संशोधनाकडे येऊ. अँब्लायोपियाच्या चाचण्यांमध्ये यश मोजतात ते तक्त्याच्या ओळींमध्ये. डोळा किती सरळ झाला, याला तिथे गुण नसतात. अमेरिकेतल्या 'पेडिग' या बालनेत्रतज्ज्ञांच्या संशोधन गटाने २००२ साली ४१९ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना पट्टी, काहींच्या चांगल्या डोळ्यात तो धूसर करणारे अॅट्रोपिनचे थेंब. सहा महिन्यांत दोन्हीकडे जवळपास तीन ओळींची सुधारणा झाली. पुढच्या वर्षी याच गटाने दाखवलं की मध्यम स्वरूपाच्या अँब्लायोपियात चार महिन्यांपर्यंत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकाच गुण देते. शाळेत पट्टी लावून बसावं लागणाऱ्या मुलाला विचारा, हा निष्कर्ष त्याच्यासाठी केवढा मोठा आहे.

त्यानंतर आली दोन डोळ्यांना एकत्र काम देण्याची कल्पना. चांगला डोळा झाकायचा नाही, त्याला फिकं चित्र द्यायचं आणि कमजोर डोळ्याला ठळक. गेम पूर्ण खेळायचा तर मेंदूला दोन्ही चित्रं जोडावी लागतात. कल्पना सुंदर आहे, पण आयपॅडवरचा गेम आणि दोन तासांची पट्टी यांची ३८५ मुलांमध्ये तुलना झाली तेव्हा १६ आठवड्यांनी गेमवाल्यांची सुधारणा सरासरी १.०५ ओळी आणि पट्टीवाल्यांची १.३५ ओळी निघाली. सांगितलेल्या वेळेच्या तीन चतुर्थांशाहून जास्त खेळणारी मुलं जेमतेम २२ टक्के होती. मुलं गेमला कंटाळतील, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसावं.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने याच कल्पनेवर चालणाऱ्या 'ल्युमिनोपिया' या उपकरणाला मान्यता दिली. मूल डोळ्यांवर हेडसेट लावून आवडीचे कार्यक्रम बघतं, रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस. १०५ मुलांच्या चाचणीत १२ आठवड्यांनी १.८ ओळींची सुधारणा दिसली. आकडा चांगला आहे, पण त्याच्या शेजारचा आकडाही वाचायला हवा: नुसता चष्मा लावणाऱ्या मुलांचीही ०.८ ओळीने सुधारणा झाली. म्हणजे उपकरणाची स्वतःची कमाई साधारण एका ओळीची. 'पेडिग'च्याच जुन्या अभ्यासात नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या ८४ मुलांना फक्त चष्मा दिला होता, आणि त्यातल्या २७ टक्के मुलांचा अँब्लायोपिया तेवढ्यावरच गेला. त्यामुळे ज्या चाचणीत चष्म्याचा वेगळा गट नाही, तिथे चष्म्याचं श्रेय दुसराच कुणी घेऊन जातो.

आणि या उपकरणाची मान्यता कुणासाठी आहे? नंबरातला फरक किंवा सौम्य तिरळेपणा असलेल्या मुलांसाठी. इस्रायलच्या 'क्युअरसाइट' या तशाच उपकरणाचंही तेच. डोळा बराच वळलेला असेल तर दोन चित्रं एकमेकांवर बसणारच कशी? 'लेझी आयवर नवा उपचार' ही बातमी व्हॉट्सअॅपवर आली की तिरळ्या मुलांचे आईवडील मोठ्या आशेने विचारायला येतात. ती आशा खोटी पडू नये म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

नवं म्हणजे यंत्रच असं नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'युपॅच' या युरोपीय चाचणीने एक साधा प्रश्न विचारला: चष्मा दिल्यावर पट्टीसाठी किती थांबायचं? अठरा आठवडे नुसता चष्मा वापरून मग पट्टी लावणाऱ्यांत ५४ टक्के मुलांना यश आलं, तीन आठवड्यांनीच पट्टी सुरू करणाऱ्यांत ६७ टक्क्यांना.

१९९८ मध्ये मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता उशीर झाला." तेव्हाची समजूतच तशी होती. २००५ साली सात ते सतरा वर्षांच्या ५०७ जणांवरची चाचणी आली. १३ ते १७ वयात ज्यांच्यावर आधी पट्टीचा किंवा थेंबांचा उपचार झालेला नव्हता, त्यांच्यापैकी ४७ टक्के जणांची पट्टीने किमान दोन ओळींची सुधारणा झाली. नुसत्या चष्म्याने २० टक्क्यांची. ते वाचलं तेव्हा मी विशी ओलांडली होती. त्या दिवशी मी बराच वेळ उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

मुलाच्या फाइलमध्ये दोन वेगळ्या नोंदी शोधा: नजर ६/९, ६/१८ अशी लिहिलेली असते, आणि तिरळेपणा, म्हणजे डोळा किती वळला आहे ते, प्रिझम डायॉप्टर या मापात. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला तर तो यातल्या कुठल्या आकड्यासाठी आहे, एवढं विचारा. आणि फाइलच नसेल, मूल बोलतही नसेल, तर खेळता खेळता त्याचा एकेक डोळा तळहाताने झाका. एक झाकल्यावर ते शांत खेळत राहिलं आणि दुसरा झाकताच दरवेळी रडून तुमचा हात ढकलू लागलं, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, डोळे कितीही सरळ दिसत असले तरी.