शॉकलेचा राग आणि ट्रान्झिस्टरचे दोन जन्म

ट्रान्झिस्टरचा, म्हणजे विद्युत संकेत वाढवणाऱ्या छोट्या अर्धवाहक उपकरणाचा, शोध विल्यम शॉकले, जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन या तिघांनी लावला, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. १९५६चं भौतिकशास्त्राचं नोबेलही तिघांत वाटलं गेलं. पण ट्रान्झिस्टरच्या दोन मूळ पेटंटांवर ही तिन्ही नावं एकत्र नाहीत. अमेरिकी पेटंट क्रमांक २५२४०३५ बार्डीन-ब्रॅटनचं आहे आणि २५६९३४७ एकट्या शॉकलेचं. दोन्ही अर्ज जून १९४८ मध्ये, नऊ दिवसांच्या अंतराने, एकाच कंपनीतून गेले. त्यांत दोन वेगवेगळ्या रचना आहेत, आणि दुसरी इतक्या लवकर कागदावर उतरली ती बऱ्याच अंशी पहिलीमुळे झालेल्या जळफळाटातून.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये, म्हणजे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, घन पदार्थांवर काम करणाऱ्या गटाचा शॉकले हा प्रमुख. १९४५ साली त्याने एक कल्पना मांडली होती. अर्धवाहकाचा, म्हणजे सिलिकॉनसारख्या अर्धवट वीज वाहणाऱ्या पदार्थाचा, पातळ थर घ्यायचा, त्याच्या अगदी जवळ पण न टेकता धातूची पट्टी ठेवायची आणि पट्टीला व्होल्टेज द्यायचं. विद्युतक्षेत्रामुळे थरातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त होतील आणि त्यातून वाहणारा प्रवाह हवा तसा बदलता येईल. गणित बरोबर होतं, पण प्रयोगात काहीच घडेना. कारण बार्डीनने १९४६ मध्ये सांगितलं. स्फटिकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि बाहेरचं क्षेत्र तिथेच थोपवतात, आत काही पोहोचतच नाही. म्हणजे वरिष्ठाची कल्पना का फसली हे हाताखालच्या माणसाने दाखवून दिलं. शॉकलेने ते मान्य केलं आणि पुढचं काम बार्डीन आणि ब्रॅटनवर सोपवून तो आपल्या इतर गणितांकडे वळला. त्याची पुढची सगळी तडफड या बाजूला होण्यातून आली.

नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रॅटनला दिसलं की स्फटिक द्रवात बुडवला तर द्रवातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पृष्ठभागावरचा अडथळा पुसून टाकतात. मग द्रवाचा थेंब, त्यातून खाली टोचलेली तार, नंतर सिलिकॉनऐवजी जर्मेनियम, असे प्रयोग झाले. प्रवर्धन, म्हणजे संकेताची वाढ, मिळालं, पण सेकंदाला दहापेक्षाही कमी कंपनांपर्यंतच, कारण आयन आळशी असतात. माणसाच्या आवाजाला शेकडो-हजारो कंपनं लागतात. म्हणून द्रवाच्या जागी जर्मेनियमच्या ऑक्साइडचा थर वापरून पाहायचं ठरलं. ब्रॅटनने स्फटिक धुतला आणि तो थर पाण्यात विरघळून गेला. सोन्याचा ठिपका थेट जर्मेनियमला टेकला, आणि या फसलेल्या प्रयोगातच नवा परिणाम दिसला. धन व्होल्टेज दिलेल्या सोन्यातून जर्मेनियममध्ये ‘होल’ शिरत होते. इलेक्ट्रॉनची जागा रिकामी झाली की ती धनभारासारखी वागते, तो होल.

आता दोन टोकं अगदी जवळ हवी होती. बार्डीनच्या हिशोबाने अंतर सुमारे ०.०५ मिलिमीटरच्या आत. एवढ्या जवळ दोन तारा धरणार कशा? ब्रॅटनने प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा घेतला, त्याच्या कडेवरून सोन्याचा वर्ख चिकटवला आणि टोकावर ब्लेडने अलगद चीर दिली. एका पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या, मधलं अंतर चिरेएवढं. हा त्रिकोण स्प्रिंगने जर्मेनियमच्या तुकड्यावर दाबून धरला. १६ डिसेंबर १९४७ रोजी तो चालला आणि २३ तारखेला वरिष्ठांसमोर त्यातून बोलण्याचा आवाज वाढवून ऐकवला गेला. शक्तीतली वाढ १८ पट किंवा जास्त, अशी ब्रॅटनच्या वहीत नोंद आहे.

वाढ होते कुठून? एका टोकाला, म्हणजे एमिटरला, थोडं धन व्होल्टेज असतं. तिथून शिरलेले होल शेजारच्या कलेक्टरकडे ओढले जातात, कारण तिथे बरंच जास्त ऋण व्होल्टेज असतं. एमिटरकडचा रोध कमी, कलेक्टरकडचा खूप जास्त. जवळपास तेवढाच प्रवाह कमी रोधातून आत घेऊन जास्त रोधातून बाहेर काढला, की शक्ती वाढते. ती बॅटरीतून येते, एमिटरचा संकेत फक्त तिला वळण लावतो.

शॉकलेला यश आपल्या गटाचं म्हणून आनंद झाला, आणि त्यात आपला हात नाही म्हणून तो पेटला. विद्युतक्षेत्राने प्रवाह बदलण्याची, म्हणजे क्षेत्र-परिणामाची, मूळ कल्पना आपली, तेव्हा पेटंटही आपल्या नावावर व्हावं, असं त्याने दोघांना बोलावून सुनावलं. बेलच्या वकिलांनी शोध घेतला तर ज्युलियस लिलिएनफेल्ड या संशोधकाने ती कल्पना दोन दशकं आधीच, १९२५-२६ मध्ये, पेटंटसाठी दाखल केलेली निघाली. शॉकलेचं नाव जोडलं तर अख्खा अर्जच अडचणीत येणार, म्हणून त्याला वगळण्यात आलं. अहंकाराला बसलेली ही दुसरी थप्पड. पण व्यवस्थापनाने एक नियम केला: प्रसिद्धीच्या छायाचित्रात तिघेही असलेच पाहिजेत. गाजलेल्या छायाचित्रात ब्रॅटनच्या उपकरणापुढे सूक्ष्मदर्शकाशी बसलेला आहे तो शॉकले. ब्रॅटनला ते छायाचित्र अजिबात आवडत नसे.

रागाचा दुसरा परिणाम मात्र विज्ञानाच्या फायद्याचा झाला. १९४७च्या शेवटच्या दिवशी शिकागोच्या हॉटेलात शॉकले खोली बंद करून लिहीत बसला. बार्डीनला वाटत होतं की होल पृष्ठभागावरूनच सरकतात. शॉकलेने विचार केला की ते स्फटिकाच्या आतूनही जाऊ शकतील, आणि तसं असेल तर टोचणाऱ्या तारांची गरजच काय? तीन थरांचं सँडविच पुरेल. २३ जानेवारी १९४८ रोजी ही रचना त्याच्या वहीत उतरली, पण त्याने ती गटातल्या कोणालाही सांगितली नाही. फेब्रुवारीत बेलच्याच जॉन शाइव्हने जर्मेनियमच्या पातळ पाचरीच्या दोन्ही बाजूंना टोकं लावून होल आरपार जातात हे दाखवलं, तेव्हा शॉकलेने भर बैठकीत उठून आपला तयार सिद्धांत मांडला. स्वतःच्या गटापासून महिनाभर लपवलेली चाल! प्रमुखाने असं वागावं का, हा प्रश्न निराळा. रचना मात्र फार सरस होती.

बार्डीन-ब्रॅटनचं उपकरण कारखान्यात नेलं की रडवायचं. टोकाला धक्का लागला की गुणधर्म बदलत, दोन नग सारखे निघत नसत, आणि खरखर भरपूर. शॉकलेच्या थरांमध्ये हलणारं काही नव्हतं. पण त्यासाठी एकसंध स्फटिक, म्हणजे अणूंची रचना सलग एकसारखी असलेला तुकडा, हवा, आणि गंमत अशी की एकसंध स्फटिकावर वेळ घालवायची गरज नाही, असं शॉकलेचंच मत होतं. बेलच्याच गॉर्डन टीलने चिकाटीने ते काम केलं. सुमारे ९४० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जर्मेनियमच्या रसात छोटं स्फटिक-बीज टेकवायचं आणि हळूहळू फिरवत वर ओढायचं. त्याचा सहकारी मॉर्गन स्पार्क्स आणि टीलने ओढता ओढताच रसात गॅलियमची गोळी टाकली, की थर पी-प्रकारचा, म्हणजे होल जास्त असलेला, झाला. लगेच अँटिमनीची गोळी टाकली, की पुन्हा एन-प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त असलेला. मधला थर पातळ निघाला नाही, तर वाहक (होल किंवा इलेक्ट्रॉन) पलीकडे पोहोचायच्या आत विरुद्ध भाराच्या वाहकांशी जुळून नाहीसे होतात आणि ट्रान्झिस्टर नुसता दगड. एप्रिल १९५० मध्ये पहिला चालता नमुना मिळाला, जुलै १९५१ मध्ये बेलने तो जाहीर केला.

याच काळात बार्डीनला या नव्या कामापासून दूर ठेवलं गेलं. १९५१ मध्ये त्याने बेल सोडून इलिनॉय विद्यापीठ गाठलं, तिथे लिऑन कूपर आणि जॉन श्रीफर यांच्यासोबत १९५७ मध्ये अतिवाहकतेचा सिद्धांत मांडला आणि १९७२ चं नोबेल मिळवलं. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला तो आजवरचा एकमेव माणूस. बेलने गमावलं ते एवढं.

शॉकलेने १९५६ मध्ये उद्योजक अर्नोल्ड बेकमनच्या पैशावर कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली. माणसं निवडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, माणसं टिकवण्यात त्याच्याइतका वाईट कोणी नव्हता. सहकाऱ्यांचे निष्कर्ष तो जुन्या बेलच्या मित्रांकडून तपासून घेई. एका कर्मचारी बाईच्या हाताला टोचलं, तर घातपाताच्या संशयाने त्याने खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या चाचण्या काढल्या. टोचली होती ती मोडकी टाचणी. पण खरा तिढा तांत्रिक होता. हाताखालच्यांना सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर करायचा होता, शॉकलेला स्वतःचा चार थरांचा डायोड. ठरावीक व्होल्टेज ओलांडलं की हा डायोड एकदम चालू होतो आणि प्रवाह एका पातळीखाली जाईपर्यंत चालूच राहतो. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंची, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचांची, जागा तो घेईल असा शॉकलेचा होरा होता. अडचण अशी की सिलिकॉनच्या चकतीत चारही थरांची जाडी आणि भेसळ सारखी साधावी लागे. जरा चुकलं की प्रत्येक नग वेगळ्याच व्होल्टेजला चालू होई.

सप्टेंबर १९५७ मध्ये रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी यांच्यासह आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. होर्नीने १९५९ मध्ये सिलिकॉनवरचं ऑक्साइडचं कवच काढून न टाकता तसंच ठेवायची युक्ती केली, त्यामुळे उघडे जोड धुळीपासून वाचले, आणि त्याच पायावर नॉइसने एकात्मिक मंडल, म्हणजे एकाच तुकड्यावर अनेक भाग जोडलेली चिप, बांधलं. बेलमध्ये मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी तशाच ऑक्साइडने पृष्ठभागावरचे अडकलेले इलेक्ट्रॉन आवरले आणि १९६० मध्ये क्षेत्र-परिणामाचा ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. म्हणजे शॉकलेची १९४५ ची फसलेली कल्पना. आज प्रोसेसरमध्ये अब्जावधींनी असतात ते हेच. शॉकलेची कंपनी मात्र नफा न पाहताच १९६० मध्ये विकली गेली.

चार थर चुकीचे नव्हते, चुकलं होतं ते गिऱ्हाईक. जनरल इलेक्ट्रिकने त्यांना तिसरं टोक जोडून हवं तेव्हा चालू करता येणारा स्विच केला, तो थायरिस्टर. चंद्रपूरहून पडघ्याला ५०० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीने सुमारे ७५० किलोमीटर वीज येते, तिच्या दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे मोठ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांत, हेच चार थर रांगेने बसवलेले आहेत.