आजारपणातील खाडे आणि ईएसआयचा दाखला: बेळगाव परिसरातील कामगारांसाठी

उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील फौंड्र्यांत व मशीन शॉपमध्ये राबणाऱ्या हजारो हातांच्या पगारातून दरमहा ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी कापली जाते. मात्र आजारपणात बुडालेल्या रोजाच्या बदल्यात मिळणारी रोख रक्कम मागायला गेलेले अनेकजण रिकाम्या हाताने परत येतात. त्यांचा आजार खरा असतो आणि वर्गणीही भरलेली असते; अडते ते दाखल्यावर.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका मोल्डरने (फौंड्रीत साचे बनवणाऱ्या कामगाराने) प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून माझ्यासमोर मांडला होता. कावीळ झाल्याचा रक्ताचा रिपोर्ट होता, औषधांची बिले होती आणि गावाकडच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहिलेले ‘21 दिवस विश्रांती आवश्यक’ असे सहीशिक्क्याचे पत्रही होते. एकही कागद खोटा नव्हता, परंतु ईएसआय दवाखान्यातील विमा डॉक्टरांचा दाखला त्यात नव्हता. आधी गावठी औषध, मग ओळखीचे डॉक्टर आणि अंगात थोडे त्राण आल्यावर ईएसआयचा दवाखाना, या क्रमात त्याचे 21 दिवस निघून गेले होते.

नियम असा आहे की आजारपणाचा लाभ विमा डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मिळतो आणि ते डॉक्टर ज्या दिवशी रुग्णाला तपासतात, त्या दिवसापासूनचाच दाखला देतात. मागच्या तारखेचा दाखला मागून त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कारण तसा दाखला देणे त्यांच्या अखत्यारीत नाही. म्हणून ताप अंगावर काढू नये आणि उपचार पुढे कुठेही घ्यायचे असले तरी पहिल्याच दिवशी ईएसआय दवाखान्यात नाव नोंदवून पहिला दाखला घ्यावा. त्यानंतर साधारणपणे दर आठवड्याला पुढचा दाखला घ्यायचा असतो आणि बरे वाटल्यावर, कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचा अंतिम दाखला घ्यायचा असतो. पुष्कळजण पहिला दाखला घेतात, मधला आठवडा चुकवतात आणि बरे वाटताच थेट कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहतात. मग चुकलेल्या दिवसांचे पैसे जातात आणि अंतिम दाखल्याविना व्यवस्थापन आत घेत नाही, ते वेगळेच.

चालताही येत नव्हते किंवा गावीच दवाखान्यात भरती व्हावे लागले, अशा वेळी काय करावे? परिस्थिती तशी असेल तर विमा महामंडळ अन्य पुरावाही स्वीकारू शकते. ‘स्वीकारू शकते’ या शब्दांकडे नीट लक्ष द्यावे, कारण तो हक्क नसून त्यांच्या समाधानावर अवलंबून असलेली सवलत आहे. माझा सल्ला असा की अशा प्रसंगी खासगी पत्रापेक्षा सरकारी रुग्णालयाचा केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवावे, तारखा जुळत असल्याची खात्री करावी आणि बरे होण्याची वाट न पाहता घरच्या माणसाकरवी ते कागद महामंडळाच्या शाखा कार्यालयात पोचवावेत. चंदगड तालुक्यातून बेळगावला कामाला येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाभ घेत असताना विमा डॉक्टरांची परवानगी न घेता, जिथे उपचार चालू आहेत तो परिसर सोडून जाता येत नाही. गावी जाऊन विश्रांती घेणे ही आपल्याकडची रीत आहे, पण जाण्यापूर्वी तसे सांगून परवानगी घ्यावी.

दुसरी ठेच पात्रतेत लागते. ‘गेले चार महिने पैसे कापले आहेत, तरी नाही म्हणतात,’ ही तक्रार मी वारंवार ऐकतो. यात बहुतेक वेळा लबाडी कोणाचीच नसते. हिशेबाचा काळ वेगळा असतो आणि तो कोणी समजावून सांगत नाही, याचा मात्र राग येतो. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीवर पुढील 1 जानेवारी ते 30 जून या काळातील आजारपणाचा लाभ मिळतो आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च या काळातील वर्गणीवर 1 जुलै ते 31 डिसेंबर या काळातील. म्हणजे मार्चमध्ये आजारी पडलेल्या कामगाराने डिसेंबर ते फेब्रुवारी किती दिवस भरले हे पाहिलेच जात नाही. आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांची वर्गणी आहे का, एवढेच पाहिले जाते. आधीच कमी दिवस भरलेले असताना भातलावणीसाठी जून-जुलैत महिनाभर बिनपगारी राहिलेल्याला त्याचा फटका असा सहा-आठ महिन्यांनी बसतो. नव्याने लागलेल्यांचा पहिला लाभकाळ नोकरीच्या तारखेपासून नऊ महिन्यांनी सुरू होतो.

ठेकेदाराकडील कामगारांनी तर ईएसआयच्या ऑनलाइन खात्यात आपल्या नावावर किती दिवस चढवले आहेत, हे दर दोन-तीन महिन्यांनी तपासावे. महिन्याला 26 हजेऱ्या भरून खात्यात 12 दिवस दिसत असतील, तर ते आजारी पडण्याआधी कळायला हवे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तरी ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून लेखी तक्रार कारखान्याकडेही करावी.

लाभाची रक्कम सरासरी रोजाच्या 70 टक्के असते. रोज 500 रुपये पडत असेल तर दिवसाला 350 रुपये. वर्षातून जास्तीत जास्त 91 दिवस तो मिळतो आणि प्रत्येक आजारपणाचे पहिले दोन दिवस सोडले जातात. मात्र आधीचे आजारपण संपून 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ते दोन दिवस सोडले जात नाहीत. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठराविक 34 दीर्घ आजारांत 91 दिवसांनंतरही 80 टक्के दराने लाभ सुरू राहू शकतो, पण त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि त्या चार सहामाही वर्गणीकाळांत 156 दिवस भरलेले असावे लागतात. कामावर अपघात झाला तर दर 90 टक्के असतो आणि 78 दिवसांची अटही नसते. म्हणून वितळलेले लोखंड उडून पाय भाजला असताना ‘घरी पडलो’ असे लिहून देऊ नये, कोणी कितीही समजूत घातली तरी.

ज्या दिवसांची पगारी रजा घेतली, त्या दिवसांचा लाभ मिळत नाही. कार्यालयातील कारकून पुष्कळदा भल्या हेतूने शिल्लक रजा लावून टाकतो आणि मग गैरहजेरीच्या पडताळणीत अर्ज अडकतो. तेव्हा काय लावले आहे ते आधी विचारून घ्यावे. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामगारास काढून टाकता किंवा शिक्षा करता येत नाही, हे संरक्षण 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 73 ने दिले. या संरक्षणाचा आधार घ्यायचा तर आजारपणाची लेखी सूचना आणि दाखल्याची प्रत कारखान्यात वेळेवर पोचलेली हवी. फोनवर सुपरवायझरला सांगितले होते, हे नंतर कोणालाच आठवत नाही.

दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगारच या योजनेत येतात. योजनेबाहेरच्या दुकानांत व खासगी कार्यालयांत काम करणाऱ्यांना कर्नाटकाच्या 1961 च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्यानुसार आजारपण वगैरे कारणांसाठी वर्षाला 12 दिवसांपर्यंत पगारी रजेचा हक्क आहे.

अर्जाला फॉर्म 9, सर्व दाखले, ई-पहचान कार्ड (ईएसआयचे ओळखपत्र), आधार कार्ड आणि पासबुक लागते. सीमाभागात यातही घोळ होतो. शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचे नाव, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत गेलेले नाव आणि कारखान्याने भरताना आडनाव पुढे घेतलेले, असे एकाच माणसाचे तीन अवतार मी पाहिले आहेत; आधारप्रमाणे दुरुस्ती मालकाकरवी आधीच करून घ्यावी. बँकेचा आयएफएससी कोडही पाहावा. 2019 मध्ये विजया बँक बँक ऑफ बडोदात आणि 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, तरी जुनीच पासबुके अजून पुढे केली जातात आणि मंजूर झालेले पैसे खात्यात पोचत नाहीत. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्यावा. लाभ मागण्याची मुदत 12 महिन्यांची आहे, पण ती अर्जाची मुदत आहे. पहिल्या दाखल्यासाठी विमा डॉक्टरांसमोर आजारी पडल्याच्या दिवशीच उभे राहावे लागते.