गाझाचा ठराव, ब्रिटिश संसद आणि न झालेलं मतदान

इस्रायल-पॅलेस्टाईन प्रश्नावर ब्रिटिश खासदारांनी काय भूमिका घ्यावी यासाठीची ओढाताण जुनी आहे. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना मायभूमी देण्याचं वचन देणारा ब्रिटनचा बाल्फोर जाहीरनामा, मग तिथला ब्रिटिश अंमल म्हणजे मॅन्डेट, आणि १९४८ मधली इस्रायलची स्थापना, ही त्याची पार्श्वभूमी. पक्षांच्या आत इस्रायलच्या मित्रांची मंडळं उभी राहिली, मजूर पक्षात १९५७ मध्ये आणि हुजूर पक्षात १९७४ मध्ये. पॅलेस्टाईनच्या बाजूची सर्वांत मोठी मोहीम, पॅलेस्टाईन सॉलिडॅरिटी कॅम्पेन, १९८२ची. या मोहिमांचं कामकाज बरीच वर्षं पत्रं, निवेदनं आणि अधिवेशनातल्या चहापानापलीकडे फारसं गेलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता द्यावी असा ठराव २७४ विरुद्ध १२ मतांनी संमत झाला, पण तो बंधनकारक नव्हता आणि तेव्हाच्या सरकारने तो बाजूला ठेवला.

खरी ठिणगी पडली ऑक्टोबर २०२३ मध्ये. हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेले गेले आणि गाझावर बॉम्बवर्षाव सुरू झाला. त्याच आठवड्यात तेव्हा विरोधात असलेल्या मजूर पक्षाचा नेता केअर स्टार्मर याला एका रेडिओ मुलाखतीत गाझाचं वीज-पाणी तोडण्याबद्दल विचारलं गेलं. इस्रायलला तो अधिकार आहे, असा त्याच्या उत्तराचा अर्थ निघाला. पुढे त्याने खुलासा केला, पण तोवर ती चित्रफीत मशिदींच्या आवारापासून विद्यापीठांच्या वसतिगृहांपर्यंत पोचली होती. पक्षाच्या नगरसेवकांचे राजीनामे सुरू झाले. ११ नोव्हेंबरला लंडनमध्ये निघालेल्या मोर्चात पोलिसांच्याच अंदाजाने तीन लाख लोक होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ज्यूद्वेषाविरुद्धही मोठा मोर्चा निघाला. त्यातल्या लोकांना वाटणारी भीती खरी होती, हेही नोंदवायला हवं.

१५ नोव्हेंबरला राजाच्या अभिभाषणावरच्या ठरावाला स्कॉटिश नॅशनल पार्टीने सुचवलेली युद्धविरामाची दुरुस्ती सभागृहात मतदानाला आली आणि १२५ विरुद्ध २९३ मतांनी पडली. मजूर पक्षाच्या ५६ खासदारांनी व्हिप झुगारून तिच्या बाजूने मत दिलं आणि सरकारच्या खात्यांवर नजर ठेवणाऱ्या त्याच्या सावली मंत्र्यांपैकी आठ जणांची पदं गेली. इथून मोहिमेच्या हाती एक हत्यार आलं, ते म्हणजे मतविभागणीची यादी. कोण कुठल्या बाजूला गेलं आणि कोण घरी बसलं, ते नावानिशी छापलेलं असतं. खासदाराच्या लांबलचक खुलाशापेक्षा त्या यादीतली एक ओळ मतदारसंघात जास्त बोलते.

म्हणूनच २१ फेब्रुवारी २०२४ या दिवसाला एवढं महत्त्व. त्या दिवशी स्कॉटिश नॅशनल पार्टीचा विरोधी पक्ष दिन होता, म्हणजे चर्चेचा विषय विरोधकांनी ठरवायचा दिवस. एका अधिवेशनात असे २० दिवस असतात. त्यातले १७ मुख्य विरोधी पक्षाला मिळतात आणि ३ तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला. त्या तिनातला एक दिवस त्यांनी गाझासाठी खर्च केला. ठरावात तात्काळ युद्धविरामाची आणि ओलिसांच्या सुटकेची मागणी होती, शिवाय पॅलेस्टिनी जनतेला दिल्या जाणाऱ्या ‘सामूहिक शिक्षे’चा उल्लेख होता. मजूर पक्षाला अडचण होती ती या शेवटच्या शब्दांची. त्यांनी स्वतःची लांबलचक दुरुस्ती दिली. तीत ‘तात्काळ मानवतावादी युद्धविराम’ होता, पण हमास हिंसा चालू ठेवणार असेल तर इस्रायलने थांबावं अशी अपेक्षा धरता येणार नाही, अशी पुस्तीही होती. हुजूर पक्षाच्या सरकारची तिसरीच दुरुस्ती होती आणि तीत फक्त ‘विराम’ होता.

आता मेख अशी. विरोधी पक्षाच्या दिवशी सरकारची दुरुस्ती आली, की दुसऱ्या विरोधी पक्षाची दुरुस्ती घ्यायची नाही, असा जुना संकेत. त्यामुळे आधी मूळ ठरावावर मतदान होतं आणि ज्याचा दिवस त्याला निदान आपल्या शब्दांवर कौल मिळतो. सभागृहाच्या अध्यक्षांनी हा संकेत मोडून दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. हा रूढ प्रथेचा भंग आहे, असं सभागृहाच्या मुख्य सचिवाने लेखी कळवलं होतं. अध्यक्ष मूळचे मजूर पक्षाचे आणि निर्णयाआधी पक्षाचा नेता त्यांना भेटून गेला होता. चर्चा व्यापक व्हावी एवढीच विनंती केली, असं त्याचं म्हणणं.

सरकार पक्षाने कामकाजातून अंग काढून घेतलं. हुजूर आणि स्कॉटिश खासदार सभात्याग करून गेले. मधेच सभागृहाची बैठक बंद दाराआड घ्यावी असा प्रस्ताव आला आणि २० विरुद्ध २१२ मतांनी पडला. त्या संध्याकाळी नावानिशी मतदान झालं ते एवढ्याच प्रस्तावावर! मजूर पक्षाची दुरुस्ती आवाजी मतानेच संमत झाली आणि मूळ ठराव मतदानाला आलाच नाही.

त्याच वेळी बाहेर हजारो लोक आपापल्या खासदाराला भेटण्यासाठी रांगेत होते. मध्यवर्ती दालनात हिरवं कार्ड भरून द्यायचं, त्यावर आपलं नाव आणि खासदाराचं नाव, मग कर्मचारी खासदाराला शोधून आणतो. ही सोय जुनी आहे आणि ती कुणालाही वापरता येते. मात्र रात्री संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर एक वादग्रस्त घोषणा प्रकाशझोतात झळकली आणि दुसऱ्या दिवशी चर्चा रांगेची न होता त्या घोषणेचीच झाली.

अध्यक्षांनी माफी मागितली. खासदारांच्या जिवाची काळजी होती, प्रत्येकाला आपल्या मताला जागा मिळावी असं वाटलं, हे त्यांचं स्पष्टीकरण. २०१६ आणि २०२१ मध्ये दोन खासदारांचे खून झालेले असताना ही काळजी पोकळ म्हणता येत नाही. पण या काळजीने सोय झाली ती एकाच पक्षाची. दुसरं मोठं बंड आणि दुसरी यादी टळली. आणि हिरवं कार्ड हातात घेऊन उभा असलेला मतदार त्या स्पष्टीकरणात धोक्याच्या रकान्यात जाऊन बसला, हे अनेकांना अजून खटकतं. स्कॉटिश पक्षाला तातडीच्या चर्चेचं आश्वासन मिळालं होतं, तेही पुढे नाकारलं गेलं.

हिशेब मतपेटीत झाला. आठच दिवसांनी रॉचडेलची पोटनिवडणूक गाझाच्या मुद्द्यावर लढवणाऱ्या उमेदवाराने जिंकली, अर्थात तिथं मजूर पक्षाने आपल्याच उमेदवाराचा पाठिंबा आधीच काढून घेतला होता. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला, तरी लेस्टर साऊथ, ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम पेरी बार, ड्यूसबरी अँड बॅटली आणि इस्लिंग्टन नॉर्थ इथं अपक्षांनी त्याला हरवलं. इलफर्ड नॉर्थमध्ये पुढचा आरोग्यमंत्री जेमतेम ५२८ मतांनी वाचला.

नंतरची पावलं याच धसक्यातून पडली असं सिद्ध करता येणार नाही, पण क्रम बोलका आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला शस्त्रं निर्यात करण्याच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० स्थगित झाले. जुलै २०२५ मध्ये २२० हून अधिक खासदारांनी मान्यतेच्या मागणीच्या पत्रावर सह्या केल्या आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने पॅलेस्टाईनला मान्यता दिली. त्याच जुलैत थेट कृती करणाऱ्या ‘पॅलेस्टाईन ॲक्शन’ या गटावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली. तो आदेश दोन नवनाझी आणि कट्टर गोऱ्या वर्चस्ववादी गटांसोबत एकत्र बांधून मतदानाला टाकला होता, वेगवेगळं मत देण्याची सोयच नव्हती. ३८५ विरुद्ध २६.

२०२४ च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टी ९ जागांवर आली आणि तिसऱ्या क्रमांकाचं स्थान गमावून बसली. तिचे ते तीन विरोधी पक्ष दिन आता लिबरल डेमोक्रॅट्सकडे गेले आहेत.